टीममध्ये सगळे 'ऑल ओके' म्हणतात आणि ऐन डेडलाइनला बिंग फुटतं. लीडने काय करावं?

आधी हे बघा की वाईट बातमी आणणाऱ्याचं तुमच्याकडे काय होतं. टीम लंच, आउटिंग वगैरे नंतर.

फोर्डचं उदाहरण घ्या. 2006 मध्ये अ‍ॅलन मुलाली सीईओ म्हणून आले तेव्हा कंपनी अब्जावधी डॉलरच्या तोट्यात होती. दर आठवड्याच्या आढावा बैठकीत मात्र वरिष्ठांचे तक्ते हिरवेगार, म्हणजे 'सगळं ठीक'! मग त्या वरिष्ठांपैकीच एक, मार्क फील्ड्स यांनी 'एज' या नव्या गाडीच्या लाँचपुढे लाल रंग दाखवला. तांत्रिक अडचण होती, लाँच थांबवलं होतं. बैठकीत सन्नाटा. मुलालींनी चक्क टाळ्या वाजवल्या आणि याला कोण मदत करू शकेल, असं विचारलं. पुढच्या काही आठवड्यांत इतरांच्या तक्त्यांतही पिवळा-लाल रंग दिसू लागला. लगेच नाही हं. फील्ड्स यांची खुर्ची शाबूत आहे, हे आधी सगळ्यांनी पाहून घेतलं.

आपल्याकडे उलट होतं. 'सर, हे मॉड्यूल शुक्रवारपर्यंत होणार नाही' असं कोणी म्हटलं की उत्तर येतं, 'मग आधी का नाही सांगितलंस?' तेही चारचौघांत, क्लायंट कॉलवर असताना. झालं, पुढच्या वेळी तो गप्प.

त्याऐवजी 'बरं झालं आज कळलं, कुठे अडलंय?' असं विचारा. 'काही प्रॉब्लेम?' या प्रश्नाला 'नाही' हेच उत्तर मिळतं, म्हणून 'या आठवड्यात सगळ्यात जास्त धाकधूक कशाची आहे?' असं विचारून पाहा. आणि मुख्य म्हणजे, जो बोलला त्याच्या अप्रेझलमध्ये ती गोष्ट उगाळू नका. टीमचं लक्ष तिथेच असतं.