खेळणं थांबवून क्लबचा मॅनेजर झालेला खेळाडू पहिली काही वर्षं नेमकं करतो काय?

गुडघ्यामुळे तुमचं खेळणं सुटलंय, क्लबवाले म्हणतात 'आता टीम तूच बघ', आणि मोठ्या नावांची सुरुवात कशी झाली हे तुम्हाला जाणून घ्यायचंय. मी सोलापुरात पोरांची एक टीम सांभाळतो, आधी तिथूनच हाफला, म्हणजे मधल्या फळीत, खेळायचो. थोडक्यात सांगायचं तर आधी पैसे, मग अध्यक्ष, मग गळकं छप्पर, आणि त्यातून वेळ उरला तर फुटबॉल. डावपेचांची पाळी फार उशिरा येते.

मोठ्या नावांत तुमच्या प्रश्नाला सगळ्यात जवळचा माणूस ब्रायन क्लफ, इंग्लंडचा गाजलेला फुटबॉल मॅनेजर. त्याचं नाव काढलं की लोक १९७४ च्या लीड्समधल्या ४४ दिवसांवर घसरतात, म्हणजे त्या बड्या क्लबने त्याला ४४ दिवसांत काढलं त्यावर. किस्सा चटकदार आहे, पण तुमच्या कामाचा नाही. कामाची आहेत ती हार्टलपूल्स या छोट्या इंग्लिश क्लबातली पावणेदोन वर्षं.

क्लफ सेंटर फॉरवर्ड होता. मिडल्सब्रो आणि संडरलंड हे दोन क्लब मिळून इंग्लिश लीगच्या २७४ सामन्यांत २५१ गोल. २६ डिसेंबर १९६२ ला बरी नावाच्या क्लबविरुद्ध तो गोलकीपरवर आदळला आणि गुडघ्याची लिगामेंट तुटली. वय २७. जवळपास दोन वर्षांनी परत उतरला, तीन सामने खेळला आणि संपलं. थोडे दिवस संडरलंडच्या पोरांना शिकवलं, आणि ऑक्टोबर १९६५ मध्ये, तिशीतच, तो हार्टलपूल्स युनायटेडचा मॅनेजर झाला. तेव्हा लीगमध्ये त्याच्याहून तरुण मॅनेजर नव्हता.

हा क्लब चौथ्या, म्हणजे सगळ्यात खालच्या डिव्हिजनमधला. त्या काळी तिथल्या तळाच्या चार क्लबांना 'आम्हाला लीगमध्ये राहू द्या' म्हणून बाकीच्यांपुढे मतांसाठी हात जोडावे लागत, आणि हार्टलपूल्सला त्याची सवयच झाली होती. गाव गोदीचं, जहाजबांधणीचं, आणि जहाजबांधणी नुकतीच बंद पडलेली. सोलापूरकराला हे फोड करून सांगायला नको. गिरणीचा भोंगा थांबला की मंडळांची वर्गणीही आटते, हे आमच्या आधीच्या पिढीने बघितलंय. मैदानावरच्या स्टँडची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये, जर्मन झेपेलिनने बॉम्ब टाकून जुना स्टँड पाडला. मग 'तात्पुरता' लाकडी स्टँड उभारला, तो १९८० च्या दशकापर्यंत टिकला. तात्पुरतं म्हणजे काय ते सरकारी कामं पाहिलेल्या माणसाला बरोबर कळतं.

अशा ठिकाणी २५१ गोलांचा उपयोग काय? एकच. लोक ओळखत होते. क्लफने तेवढंच भांडवल वापरलं. गावातल्या पबांमध्ये आणि कामगारांच्या क्लबांमध्ये जाऊन भाषणं ठोकली, पैसे गोळा केले. टीमची बस आपणच चालवता यावी म्हणून लायसन्स काढलं. काही काळ पगारही घेतला नाही. यात थोडा दिखावाही होता असं माझं मत आहे. फोटोग्राफर हजर असेल असंच तो बघायचा. पण वर्तमानपत्रात नाव येत राहिलं, आणि मरायला टेकलेल्या क्लबला तेही औषधासारखंच.

त्याचा सगळ्यात शहाणा निर्णय पहिल्याच दिवसांतला होता. मिडल्सब्रोत बरोबर असलेला गोलकीपर पीटर टेलर तेव्हा बर्टन अल्बियन या क्लबचा मॅनेजर होता. कमी पगारावर त्याला बोलावून घेतलं. कागदावर टेलर ट्रेनर, म्हणजे बादली आणि स्पंज घेऊन धावणारा, कारण दोन मॅनेजर पोसायची क्लबची ऐपत नव्हती. खरं काम खेळाडू पारखण्याचं. क्लफ बोलणारा, टेलर बघणारा.

आणि मग अध्यक्ष. अर्नी ऑर्ड नावाचे गृहस्थ. १९६६ च्या नोव्हेंबरात त्यांनी फर्मावलं की टेलरला काढ, परवडत नाही. क्लफ म्हणाला, नाही काढणार. ऑर्डनी मग क्लफलाच काढलं. पण बाकीच्या संचालकांनी त्याला मान्यता दिली नाही आणि शेवटी जावं लागलं ते ऑर्डना. हे सांगतोय ते तुम्ही अध्यक्षांशी भांडावं म्हणून नव्हे. क्लफ जिंकला कारण तोवर बाकीचे संचालक त्याच्या बाजूला आले होते. आपल्याकडच्या क्लबांतही अध्यक्ष एकटा कधीच नसतो. खजिनदार कोण आणि मैदानाची परवानगी कोणाच्या ओळखीने मिळते, हे आधी बघून ठेवा.

निकालांचं म्हणाल तर पहिल्या मोसमात १८ वा नंबर, दुसऱ्यात ८ वा. कप नाही, बढती नाही. बढती मिळाली १९६८ मध्ये, तेव्हा क्लफ दुसऱ्या डिव्हिजनमधल्या डर्बी क्लबला निघून गेला होता. डर्बीतही पहिल्या मोसमात तो आधीच्यापेक्षा एक नंबर खालीच आला, १८ वा. पुढच्याच मोसमात, १९६९ ला, दुसऱ्या डिव्हिजनचं विजेतेपद, आणि १९७२ मध्ये इंग्लंडचं. पहिल्या चार वर्षांतल्या तीन वर्षांचं प्रगतिपुस्तक कोणी नुसतं वाचलं असतं तर त्याला घरी पाठवलं असतं.

पण हार्टलपूल्सच्या त्या १८ व्या नंबरात एक गोष्ट दडलेली होती. तिथे त्याने जॉन मॅकगव्हर्न नावाच्या १६ वर्षांच्या पोराला खेळवलं. धावणं बेढब, वेग बेताचा, बघणाऱ्यांना आवडत नसे. क्लफने त्याला पुढे डर्बीला नेलं, लीड्सला नेलं, नॉटिंगहॅम फॉरेस्टला नेलं. १९७९ आणि १९८० मध्ये फॉरेस्टचा कॅप्टन म्हणून युरोपियन कप, म्हणजे युरोपातल्या क्लबांचा सगळ्यात मोठा कप, उचलला तो त्याच मॅकगव्हर्नने.

बाकीचे थोडक्यात. पुढे मँचेस्टर युनायटेडमुळे गाजलेल्या अलेक्स फर्ग्युसनने १९७४ मध्ये ईस्ट स्टर्लिंगशायर हा स्कॉटिश क्लब अर्धवेळ नोकरीसारखा सांभाळला, तेव्हा क्लबकडे गोलकीपरच नव्हता. पुढे सेंट मिरेन या दुसऱ्या स्कॉटिश क्लबने त्याला १९७८ मध्ये काढूनही टाकलं. आपल्याकडचा खालिद जमील दुखापतींनी खेळ आवरला तसा २००९ ला मुंबई एफसीचा कोच झाला आणि सात वर्षं बहुतेक खाली घसरण्यातून टीम वाचवत बसला. तिथून सुटल्यावर २०१७ मध्ये मिझोरामच्या ऐझॉल क्लबला आय-लीग ही राष्ट्रीय लीग जिंकून दिली. २०२५ पासून भारताचा कोच आहे.

आता तुमच्या कामाचं. एआयएफएफचं, म्हणजे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचं, कोचिंगचं डी लायसन्स आधी काढा, त्याशिवाय पुढची दारं उघडत नाहीत. पोरांची घरं माहीत करून घ्या. आमच्याकडची बरीच पोरं विडी घरकुल आणि पूर्व भाग या सोलापुरातल्या कामगार वस्त्यांतली. आई विड्या वळते, भाऊ यंत्रमागावर. पोरगं सरावाला आलं नाही तर त्याचं कारण बहुतेक वेळा आळस नसतोच. घरी तेलुगू बोलणारी ही पोरं शिव्या मराठीत खातात, तक्रार तेलुगूत करतात, तेव्हा थोडी तेलुगू कळलेली बरी. कोल्हापूरसारखा दर सामन्याला भरणारा स्टँड आपल्या नशिबी नाही, त्यामुळे प्रेक्षकांच्या जोरावर पैसा उभा राहील हे डोक्यातून काढून टाका. आणि सोलापुरातल्या 'होम मैदान' नावाच्या मैदानावर सराव घेणार असाल तर जानेवारीचं वेळापत्रक तिथे भरणारी गड्डा यात्रा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, बघूनच आखा. पाळणे उभे राहिले की गोलपोस्टला जागा उरत नाही.