सलामीच्या सामन्यात कच्च्या संघावर पैसे लावण्यापूर्वी

चि. विद्यार्थ्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र काल मिळाले. पुढच्या गुरुवारी कॅनेडियन फुटबॉलचा हंगाम सुरू होतो आहे, सलामीला जो संघ सगळ्यांना कच्चा वाटतो त्याला ३.०० असा भाव मिळतो आहे आणि पहिल्या सामन्यात काहीही होऊ शकते म्हणून त्याच्यावर शंभर डॉलर लावावेत असे तुझ्या मनात आहे. मी तीस वर्षे विनिपेगमध्ये विम्याच्या हिशेबावर पोट भरले आणि जवळजवळ तितकेच उन्हाळे या खेळाच्या स्टेडियममध्ये घालवले, म्हणून तुला उडवून लावणारे उत्तर देणे मला बरोबर वाटत नाही. पहिल्या सामन्यात काहीही होऊ शकते हे तुझे म्हणणे खरे आहे, पण भाव काढणाऱ्यालाही ते ठाऊक असते आणि ३.०० हा आकडा त्याने ते धरूनच काढलेला असतो.

आधी त्या आकड्याचा अर्थ नीट लावू. ३.०० म्हणजे एका डॉलरचे तीन डॉलर परत, त्यात तुझा मूळ डॉलर आला. म्हणजे तीनांतून एकदा हा संघ जिंकेल, अशी शक्यता त्या भावात बसलेली आहे, सुमारे ३३ टक्के. समोरच्या संघाचा भाव १.४० असेल तर त्याची शक्यता सुमारे ७१ टक्के होते. दोन्हींची बेरीज १०४ च्या वर जाते, आणि शंभराच्या वरचा हा भाग पैजा घेणाऱ्याचा असतो. तेव्हा कच्चा संघ जिंकेल का, हा प्रश्न तुझ्या कामाचा नाही. तो तीनांतून एकापेक्षा जास्त वेळा जिंकेल असे तू कशाच्या आधारावर म्हणतोस, हा आहे. तुझ्या अभ्यासाने शक्यता ४० टक्के निघत असेल तर शंभर डॉलरवर सरासरी वीस डॉलर तुझ्या बाजूने पडतात, ३० टक्के निघत असेल तर दहा डॉलर खिशातून जातात, आणि संघ दोन्ही वेळा तितकाच कच्चा असतो.

आता सलामीचा सामना वेगळा का असतो ते सांगतो, कारण तुझी मूळ शंका तीच आहे आणि तिच्यात अर्थ आहे. या लीगमध्ये संघ अवघे नऊ. कितीतरी खेळाडूंचे करार एकाच वर्षाचे असतात, फेब्रुवारीत करारमुक्त खेळाडूंचा बाजार उघडला की निम्मी ओळखीची नावे दुसऱ्या जर्सीत दिसू लागतात, मे महिन्यात शिबिर भरते आणि सरावाचे सामने मिळतात फक्त दोन, त्यांतही मुख्य खेळाडूंना फार वेळ मैदानावर ठेवत नाहीत. अमेरिकेतून आलेल्या नव्या क्वार्टरबॅकला, म्हणजे आक्रमण चालवणाऱ्या आणि चेंडू फेकणाऱ्या खेळाडूला, तर बरेच काही नव्याने शिकावे लागते: चारऐवजी तीनच डाउन (चेंडू पुढे नेण्यासाठी मिळणारे प्रयत्न), अकराऐवजी बारा खेळाडू, जास्त रुंद मैदान, आणि चेंडू मागे सरकवला जाण्याआधीच धावत सुटलेले रिसीव्हर, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणारे खेळाडू. तीन डाउनमुळे दोन प्रयत्न फसले की बहुतेक वेळा चेंडू लाथेने दूर धाडावा लागतो, म्हणून किक मारणारी आणि ती परतवणारी फळी इथे फार महत्त्वाची असते. माझ्या पाहण्यात जूनमध्ये सर्वांत कमी घोटलेली फळीही तीच असते, आणि कच्चा संघ सामना हिसकावतो तो बरेचदा तिथेच. पण ही ओढाताण दोन्ही संघांच्या वाट्याला येते. त्यामुळे निकालाचा अंदाज धूसर होतो खरा, पण भाव तुझ्या बाजूने चुकला आहे असे त्यातून निघत नाही.

२०१६ मधली कॅलगरी आणि बीसी लायन्स या दोन संघांची सलामी मी तुला मुद्दाम सांगतो. कॅलगरी स्टॅम्पीडर्सनी आदल्या हंगामात १८ पैकी १४ सामने जिंकले होते, बीसी लायन्सनी सात. नुसता तक्ता पाहिला तर लायन्स कच्चे. पण वॉली ब्युओनो त्या वर्षी पुन्हा त्यांचे मुख्य प्रशिक्षक म्हणून उभे राहिले होते, आणि कॅलगरीत डेव्ह डिकेन्सन यांचे मुख्य प्रशिक्षक म्हणून ते पहिलेच वर्ष होते. या गोष्टी मागच्या वर्षीच्या तक्त्यात दिसत नाहीत, पण वर्तमानपत्र वाचणाऱ्या कोणालाही त्या ठाऊक होत्या. लायन्स २०-१८ असे जिंकले आणि पुढे त्या हंगामात त्यांनी बारा सामने जिंकले. आता दुसरी बाजू पाहा. हरलेल्या कॅलगरीने उरलेल्या सतरा सामन्यांत फक्त एक गमावला आणि एक बरोबरीत सोडवला. म्हणजे लायन्सवर लावलेला पैसा वाया गेला नसता, पण त्या निकालावरून कॅलगरी उतरली असे समजून पुढच्या आठवड्यापासून कोणी तिच्याविरुद्ध लावत सुटला असता, तर तो महिन्याभरात रिकामा झाला असता. आणि नोव्हेंबरमध्ये ग्रे कपच्या, म्हणजे लीगच्या अजिंक्यपदाच्या, अंतिम सामन्यात याच कॅलगरीला आठ विजय, नऊ पराभव आणि एक बरोबरी अशा ओटावाने जादा वेळेत ३९-३३ असे हरवले.

त्या जूनमध्ये मी लायन्स ओळखले होते, तरी हाती काही आले नाही. तेव्हा कॅनडात एकाच सामन्यावर पैज लावणे कायदेशीर नव्हते. प्रांताच्या लॉटरीच्या तिकिटावर एकाहून अधिक सामने जोडावे लागत, आणि सगळे बरोबर आले तरच पैसे. मी लायन्सच्या जोडीला आमचे विनिपेग लिहिले. त्यासाठी काही अभ्यास केला नव्हता. माझे शहर म्हणून लिहिले. मॉन्ट्रियलने आदल्या संध्याकाळीच विनिपेगला त्यांच्या घरच्या मैदानावर हरवले आणि लायन्स मैदानात उतरण्याआधी माझे तिकीट मेले होते. ऑगस्ट २०२१ पासून एका सामन्यावर लावता येते, हे तुझे सुदैव. तीन-चार सामने जोडून मोठा आकडा दाखवणारी तिकिटे अॅपवर अजूनही पुढे केली जातात. ती घेऊ नकोस, कारण पैजा घेणाऱ्याचा वाटा प्रत्येक जोडीबरोबर वाढत जातो.

आपल्या शहरावरचे प्रेम हिशेबात कसे शिरते, ते जून २०२४ मध्ये पुन्हा पाहिले. मॉन्ट्रियलने आदल्या नोव्हेंबरमध्ये ग्रे कपमध्ये विनिपेगला २८-२४ असे हरवले होते, आणि हंगामाची सलामी याच दोघांत विनिपेगमध्ये होती. माझ्या आजूबाजूला निळ्या जर्सीतले सगळे या वेळी वचपा निघणार असेच बोलत होते. मॉन्ट्रियल २७-१२ असे जिंकले. चषक जिंकलेल्या संघाला त्या रात्री आमच्या रांगेत कोणी मोजायला तयार नव्हते, मीसुद्धा नाही. आपण ज्या गावात राहतो तिथले बोलणे दिवसभर कानावर पडते आणि नकळत आपल्या टक्केवारीत उतरते, म्हणून घरच्या संघाच्या सामन्यावर मी त्यानंतर एकदाही पैसे लावलेले नाहीत.

पैशांबद्दल थोडेच लिहितो. तू विद्यार्थी आहेस. फीचा, भाड्याचा किंवा घरून आलेला पैसा यात येता कामा नये. पूर्ण हंगामासाठी गेला तरी चालेल असा आकडा आधी ठरव आणि एका सामन्यावर त्याचा पन्नासावा भागच लाव. तुझा शंभरचा विचार त्या मापात बसतो का, ते तूच पाहा. तुझा अंदाज खरोखर ४० टक्क्यांचा आणि अगदी अचूक असला, तरी सलग पाच वेळा हरण्याची शक्यता साधारण तेरांत एक आहे, आणि त्या पाचव्या हारीनंतर रात्री अकरा वाजता रक्कम दुप्पट करावीशी वाटते. तसे एकदा जरी वाटले तरी अॅप काढून टाक आणि मला फोन कर, वेळ कोणतीही असो. सुट्टीत घरी गेलास तर तिथून हे करू नकोस. भारतात २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांना बंदी आहे.

या आठवड्यात एवढे कर. भाव पाहून झाला आहे, तो आता विसरता येणार नाही, पण वही घेऊन दोन्ही संघांचे क्वार्टरबॅक कोण, ते या लीगमध्ये किती हंगाम खेळले आहेत, आक्रमणाची आखणी करणारा प्रशिक्षक जुनाच आहे की नवा, आणि किक मारणारा कोण, हे एका पानावर लिहून काढ. कोणाला दुखापत आहे आणि सुरुवात कोण करणार, हे सामन्याच्या आदल्या दिवशी जाहीर होते, तोवर थांब. मग तुझी टक्केवारी लिही आणि तिच्यासमोर कारण एका वाक्यात लिही. कारणाच्या जागी ‘पहिला सामना आहे’ एवढेच उतरले तर पान फाडू नकोस, तसेच ठेव आणि पैसे न लावता सामना बघ. दुसरे काही उतरले तर त्या पानाचा फोटो बुधवारी रात्री मला पाठव. मीही माझा आकडा लिहून ठेवतो आणि गुरुवारी सामना सुरू होण्याआधी दोन्ही शेजारी ठेवून बोलू.

तुझा,
काका