दमट हवेत वॅक्सिंग: आधी त्वचा बघ

पणजी-मडगावच्या दमट हवेत घामट अंगावर वॅक्स धरत नाही, तेलकट त्वचेवर तर पट्टी नुसतीच सुटून येते. पंख्याखाली घाम सुकव, त्वचा पुसून टाल्कमचा अगदी पातळ हात फिरव. कोरड्या त्वचेला मॉइश्चरायझर आदल्या रात्री, त्या दिवशी नाही. केस साधारण 5-6 मिमी हवेत. वॅक्स केसांच्या दिशेने लाव. कातडी ताणून पट्टी उलट दिशेने, त्वचेला लागून ओढ. वर उचललीस तर केस मधेच तुटतात, मग आतल्या आत वाढतात. नाजूक त्वचेवर 24 तास आधी छोट्या जागी करून बघ. रेटिनॉल (व्हिटॅमिन ए असलेलं क्रीम) लावत असशील तर आठवडाभर आधी बंद, नाहीतर सालच निघते! नंतर दोन दिवस मिरामार, कोलव्याचे समुद्रकिनारे विसर. खारं पाणी झोंबतं, उन्हाने डाग पडतात.