कुवेतच्या दम्याचे आकडे घेऊन बसलीयस म्हणून

प्रिय मुली,

तुझा कुवेतमधल्या दम्याच्या ॲडमिशन आणि मृत्यूंचा ग्राफ बघितला. आखाती युद्धाआधीचा एक खांब, युद्धानंतरचा एक खांब आणि खाली लिहिलंयस "तेलविहिरींच्या धुराचा परिणाम". इतकं सोपं असतं तर काय पाहिजे होतं!

धूर खराच होता गं. १९९१ ला माघार घेताना इराकी सैन्याने ६०० च्या वर विहिरी पेटवल्या, शेवटची विझायला ६ नोव्हेंबर उजाडला. पण आगीच्या उष्णतेने बराचसा धूर उंच चढला आणि वाऱ्याबरोबर लांब गेला, लोकांच्या श्वासात किती आला हा वेगळा प्रश्न, आणि धुळीची वादळं तर तिथे युद्ध असो नसो येतातच.

माझं खरं भांडण तुझ्या भाजकाशी आहे. दर काढताना खाली लोकसंख्या कुठली धरलीस? ऑगस्ट १९९० मधे इराक घुसला आणि अख्खा देशच हलला. एअर इंडियाने अम्मानमार्गे आणलेली आपली माणसंच लाखाच्या वर होती, इथे बडोद्यात जरा चौकशी कर, तेव्हा बॅगा सोडून आलेलं एखादं घर सापडेलच. कुवेतमधे पॅलेस्टिनी साधारण चार लाख होते, त्यातले बहुतेक परत तिथे वसलेच नाहीत. नंतर पुन्हा कामाला लोक आले ते जास्त करून धडधाकट तरुण, म्हणजे कुणाचाही दमा बरा न होता तुझा दर खाली येऊ शकतो. म्हणून कुवेती नागरिक वेगळे काढ, वयोगट वेगळे कर, आणि मृत्यूसाठी ५ ते ३४ वर्षं हाच गट आधी बघ, कारण म्हाताऱ्यांमधे दमा आणि सीओपीडी (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा जुनाट आजार) यांची सरमिसळ फार होते (सर्टिफिकेट लिहिणारा घाईत असतो, तुला सांगायला नको).

आणि दोन खांब नकोत, वर्षावर्षाची रेष काढ, मधे इराकी ताब्याच्या महिन्यांची फट तशीच ठेव, उगाच जोडू नकोस. इनहेल्ड स्टेरॉइड (दमा आटोक्यात ठेवणारी, श्वासातून घ्यायची औषधं) तेव्हा जगभर पसरत होते, ॲडमिशन एरवीही कमी झाल्या असत्या. उलटंही होतं, न्यूझीलंडमधे १९७० च्या दशकाच्या शेवटी दम्याचे मृत्यू एकदम वाढले, तिथे कुठलं युद्ध होतं? बोट गेलं फेनोटेरॉल या श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या औषधाच्या इनहेलरकडे.

ॲडमिशन म्हणजे आजार नव्हे हेही लक्षात ठेव. आपल्या सयाजी हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत नेब्युलायझर लावून (औषधाची वाफ घेऊन) घरी गेलेला पेशंट ॲडमिशनमधे दिसतो का? आणि एकच माणूस वर्षात तीनदा भरती झाला तर?

शनिवारी येशील तेव्हा वयोगटाचं टेबल आधी दाखव, ग्राफ नंतर. कॉन्फिडन्स इंटर्व्हल (खरा आकडा कुठून कुठपर्यंत असू शकतो तो पट्टा) टाकूनच आण, एवढ्याशा देशात तरुण वयातले दम्याचे मृत्यू मोजकेच असणार, दोन-चार इकडचे तिकडे झाले की तुझा खांब उड्या मारतो.

तुझा,
सर