वाक्यातलं खरं क्रियापद कोणतं?

प्रश्न : 'द बॉय स्टँडिंग निअर द गेट वॉन्ट्स टू मीट यू' या वाक्यात मला तीन क्रियापदं दिसतात. उत्तरात मात्र 'वॉन्ट्स' एवढंच धरलं आहे. असं का?

उत्तर : 'कृती दाखवणारा शब्द म्हणजे क्रियापद' या व्याख्येनेच घोळ होतो. मराठीतही 'गेटजवळ थांबलेला मुलगा तुम्हाला भेटायला आलाय' यात 'थांबलेला' आणि 'भेटायला' ही धातुसाधितं, म्हणजे धातूपासून बनलेले पण वाक्य पुरं न करणारे शब्द आहेत. वाक्य पुरं होतं ते 'आलाय'ने.

वाक्याच्या सुरुवातीला 'यस्टरडे' लावून बघा. 'वॉन्ट्स'चं 'वॉन्टेड' करावं लागतं. 'स्टँडिंग' आणि 'टू मीट' जागचे हलत नाहीत. काळाबरोबर बदलतं ते वाक्याचं क्रियापद. 'पुट', 'कट', 'हिट' भूतकाळातही तसेच राहतात, तिथे वर्तमानकाळात इंग्रजी 'ही' (तो) हा कर्ता घ्या : 'ही पुट्स'. 'कॅन', 'मस्ट' वगैरेंना तो 'एस'ही लागत नाही. ती सरळ पाठ केलेली बरी.

'आयएनजी'वाल्या शब्दाआधी 'इज' दिसला की क्रियापद, हा नियमही अर्धवट आहे. 'ही इज स्विमिंग' यात तो पोहतो आहे. 'हिज हॉबी इज स्विमिंग' यात छंद पोहत नाही! 'इज'च्या दोन्ही बाजू उलटा : 'स्विमिंग इज हिज हॉबी' चालतं, म्हणजे इथे 'स्विमिंग' नाम आहे. 'स्विमिंग इज ही' चालत नाही.

प्रश्न : 'हॅज' मुख्य क्रियापद की सहायक, हे कसं ओळखायचं?

उत्तर : वाक्य नकारार्थी करा. 'शी हॅज सोल्ड द कार'चं 'शी हॅज नॉट सोल्ड' होतं. 'नॉट' थेट 'हॅज'ला चिकटला, म्हणून तो सहायक. मुख्य क्रियापद 'सोल्ड'. 'शी हॅज अ कार' यात मात्र 'डझ' आणावा लागतो : 'शी डझ नॉट हॅव अ कार'. इथे 'हॅज' मुख्य. 'डझ नॉट हॅज' ही चूक सर्रास होते; 'एस' 'डझ'ने घेतला की मुख्य क्रियापद मूळ रूपात येतं. ही कसोटी 'इज'ला लावू नका. 'ही इज नॉट अ डॉक्टर' यात तो मुख्य असूनही 'नॉट' थेट घेतो.

प्रश्न : 'द सूप टेस्ट्स गुड' यात 'गुड'ऐवजी 'वेल' का नाही?

उत्तर : मराठीत सूप चांगलं 'लागतं' आणि आचारी ते 'चाखतो'. इंग्रजीत दोन्हीला 'टेस्ट्स'. त्याच्या जागी 'इज' घाला. 'द सूप इज गुड' जमतं. म्हणजे हे जोडणारं क्रियापद, पुढे सुपाचं विशेषण हवं. 'द शेफ टेस्ट्स द सूप' यात 'इज' घातला तर आचारीच सूप होऊन बसतो! तिथे 'टेस्ट्स' सकर्मक आहे आणि 'सूप' त्याचं कर्म.