वाचकांचे प्रश्न : दिवाळी अंक, चौदा जण आणि एक व्हॉट्सअ‍ॅप गट

प्रश्न : आमच्या शाळेच्या १९९२च्या दहावीच्या वर्गाचा ई-दिवाळी अंक यंदा माझ्या संपादनाखाली निघणार आहे. आम्ही चौदा जण आहोत. नऊ जण नाशिक-पुण्यात, तिघे लंडनला आणि दोघे न्यू जर्सीत. सगळे काम एकाच व्हॉट्सअ‍ॅप गटावर चालते. मागच्या आठवड्यात एकाच लेखाचे मुद्रितशोधन दोघींनी दोन वेगळ्या फायलींत केले. गटावर काही विचारले की सगळे अंगठा दाखवतात, पण काम पुढे सरकत नाही. माझे कुठे चुकते आहे?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमच्या मेहनतीत काही उणे नाही, गप्पांच्या जागेवर तुम्ही कामाचा सगळा भार टाकला आहे, एवढेच. त्या अंगठ्याचा अर्थ ‘वाचले’, ‘मान्य आहे’ किंवा ‘मी करते’ असा तिन्ही प्रकारे घेता येतो आणि प्रत्येक जण आपल्या सोयीचा घेतो. म्हणून ‘हा लेख कोणी बघेल का?’ असे न विचारता, ‘आजोळावरचा लेख, चार पाने, मुद्रितशोधन सुनीताकडे, शुक्रवारी रात्री ९ पर्यंत. सुनीता, जमेल का?’ असे लिहा आणि तिच्याकडून शब्दांत होकार आल्याशिवाय ते काम दिले गेले असे समजू नका.

दोन फायलींचा घोळ मात्र मुळातूनच काढायला हवा. प्रत्येक लेखाची गूगल डॉक्समध्ये एकच प्रत ठेवा आणि गटावर यापुढे फाईल न टाकता त्या प्रतीचा दुवाच टाका. शोधकांना ‘सूचना’ पद्धतीनेच दुरुस्त्या करायला सांगा, म्हणजे त्यांचा प्रत्येक बदल वेगळ्या रंगात दिसेल आणि तो स्वीकारायचा की नाही, हे संपादक म्हणून तुम्ही ठरवाल. चुकून परिच्छेद उडालाच, तर आवृत्त्यांच्या इतिहासातून तो परत आणता येतो. लेखकांकडून मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही संगणकावर वा फोनवर तशीच दिसणारी अक्षरे वापरून, मागवा. श्रीलिपीसारख्या जुन्या टंकातला मजकूर तसाच चिकटवला की अक्षरांची जी चिन्हे होतात, ती निस्तरण्यात अख्खी संध्याकाळ जाते. अनुस्वार, जोडशब्द, परभाषेतील नावे यांविषयीचे निर्णयही एका पानावर लिहून ठेवा, नाहीतर ऱ्हस्व-दीर्घाचा तोच वाद दर लेखाला नव्याने रंगेल.

कोणते काम कोणाकडे आहे, हे दाखवणारा एक साधा तक्ता हवा : लेख, लेखक, शोधक, चित्रकार, मुदत, स्थिती. त्याचा दुवा गटावर पिन करा. पिन जास्तीत जास्त ३० दिवस टिकते, त्यामुळे ती पुन्हा लावण्याची आठवण ठेवा. चुकीची तारीख पाठवली गेली, तर संदेश १५ मिनिटांपर्यंतच सुधारता येतो. त्यानंतर नवा संदेश लिहून तक्त्यातही बदल करा आणि वाद झाल्यास तक्ताच खरा धरायचा, हे सर्वांना आधीच सांगून ठेवा. मुखपृष्ठ निवडायला मतचाचणी पुरते.

बैठक रविवारी भारतीय वेळेनुसार संध्याकाळी साडेसातला ठेवलीत, तर घड्याळे बदलेपर्यंत लंडनला दुपारचे ३ आणि न्यू जर्सीत सकाळचे १० वाजलेले असतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ब्रिटनची आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेची घड्याळे तासभर मागे जातात, नेमकी तुमची धांदल शिगेला पोहोचलेली असताना; तेव्हा वेळ कळवताना तिन्ही ठिकाणच्या वेळा लिहा. झूमची विनामूल्य बैठक ४० मिनिटांत संपते, आणि विषय आदल्या दिवशी कळवलेले असतील तर तेवढा वेळ पुरतो.

जो मागे पडला असेल त्याला गटावर टोकू नका, फोन करा. घरी आजारपण असेल, किंवा डॉक्स उघडत नसल्याचे चारचौघांत सांगायचा संकोच वाटत असेल. हे फोनवरच कळते.

राहिला प्रश्न त्या दोन फायलींचा. दोन्ही गूगल डॉक्समध्ये घ्या आणि ‘साधने’ या यादीतील दस्तऐवजांची तुलना करण्याची सोय वापरा. दोन प्रतींमधले फरक सूचना म्हणून एकाच पानावर येतील. ते पान दोघींसमोर ठेवून एकत्रच निकाली काढा, म्हणजे कोणाचीच मेहनत वाया जाणार नाही.