अमेरिकेत मत प्रत्येकाला एकच, मग मतदारसंघांच्या सीमा बदलून कृष्णवर्णीयांवर अन्याय कसा होतो?
अलाबामाचा 2021 चा नकाशा बघा, लगेच कळेल. राज्याला अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधी गृहात 7 जागा, कृष्णवर्णीय साधारण 27 टक्के, तरी त्यांचं बहुमत असलेला मतदारसंघ एकच, सातवा. त्याची बोटं बर्मिंगहॅम आणि माँटगोमेरी शहरांत घुसवून तिथल्या कृष्णवर्णीय वस्त्या एकाच ठिकाणी कोंबल्या होत्या. उरलेल्यांना बाकीच्या मतदारसंघांत असं विखुरलं, की त्यांच्या पसंतीचा उमेदवार निवडून येणं जवळपास अशक्यच. तिथे गोरे आणि कृष्णवर्णीय सहसा वेगवेगळ्या बाजूंना मत देतात, म्हणून हे साधतं. 1965 साली मतदानाच्या हक्कासाठी लोक अलाबामातल्याच सेल्मा शहराहून चालत गेले ते याच माँटगोमेरीला, आणि तेच असं चिरलेलं बघून मला खरंच वाईट वाटतं.

वंशावरून मतदानात भेदभाव करायला मनाई करणाऱ्या त्याच वर्षीच्या मतदान हक्क कायद्याचा आधार घेऊन मतदार कोर्टात गेले. जून 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने 5 विरुद्ध 4 असा त्यांच्या बाजूने निकाल दिला. म्हणजे कृष्णवर्णीयांना आपल्या पसंतीचा उमेदवार निवडता येईल असा दुसरा मतदारसंघ हवा होता, तरी राज्याच्या विधिमंडळाने नव्या नकाशात मतदारसंघ क्रमांक 2 मध्ये कृष्णवर्णीय मतदार 40 टक्क्यांच्या आसपासच ठेवले! शेवटी कोर्टाने नेमलेल्या तज्ज्ञाने सीमा आखल्या आणि 2024 मध्ये या दुसऱ्या मतदारसंघातून शोमारी फिगर्स हे कृष्णवर्णीय उमेदवार निवडून आले.